लोखंड लागतंय

सिस्टरच्या घरात चावी हातानं सोडायची नाही, कोपरानं सोडायची. आमच्या मिरजेकडं नळाला चावी म्हणतात. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या चावीला वीतभर लांब दांडा होता, ऑपरेशनच्या खोलीत असतो तसा. मी कामाला लागले त्या दिवशी सवयीनं हात पुढं केला, तर मागून आवाज आला, "हात न्हाई. कोपर." मी कोपरानं दांडा ढकलला आणि पाणी उसळून माझ्या पदरावर आलं. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "येईल हळूहळू. धुतलेला हात परत घाण चावीला लावायचा, मग धुतला कशाला?"

पुढं बरीच वर्षं मी त्यांच्याकडं भांडी आणि केर-फरशी केली. आता मी साताऱ्याला मुलीकडं असते. इथली चावी साधीच आहे, तरी तिच्यापुढं उभी राहिले की पहिल्यांदा कोपर वर येतं. मुलगी हसते. मी तिला काही सांगत नाही. बोलून सांगायला मला जमत नाही, म्हणून दुपारी सगळे कामावर गेले की लिहिते.

सिस्टरनी एका माणसाचं रक्त तपासायला मिळावं म्हणून एका जुन्या फ्रीजच्या दारातली चावी बदलली, मग नळी बदलली, मग उरलेलं सगळं बदललं. तो माणूस त्यांचा नवरा होता. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मी ते बघितलेलं आहे.

त्यांचं नाव शालन. पण भाजीवाल्यापासून शेजारच्या पद्माक्कांपर्यंत सगळे सिस्टरच म्हणायचे. मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत नोकरी करून त्या रिटायर झाल्या होत्या. ठेंगण्या, अंगानं रुंद, केस मागं घट्ट बांधलेले. घड्याळ मनगटाच्या आतल्या अंगाला. कुणाचा हात हातात आला की त्यांची बोटं आपोआप नाडीवर जायची. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला वाण देता देता हळूच सांगायच्या, "बीपी बघून घे गं एकदा." ती बाई बिचारी वाण घ्यायची विसरायची.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. दुखणं राहायचं. त्यांच्याबरोबर बाजारात गेलं की त्या चालता चालता दाखवायच्या. "ती हिरव्या साडीतली बघ, अपेंडिक्स. फुटून आलं हुतं." "तो गाडीवरचा, हर्निया." एकदा एक धिप्पाड माणूस भर रस्त्यात त्यांच्या पाया पडला, घरचं, शेताचं, सुनेचं सगळं सांगून गेला. सिस्टर मान हलवत होत्या. तो गेल्यावर मी विचारलं, कोण हो हे? सिस्टर म्हणाल्या, "डावा मुतखडा."

दुसरी गोष्ट म्हणजे त्या खोटं बोलत नसत. माझं बोट पिकलं होतं. ठणका हातभर चढला होता, तरी मी पदरात लपवून भांडी घासत होते. त्यांनी बघितलं, हात ओढून घेतला, पाणी उकळायला ठेवलं. मी घाबरून विचारलं, "दुखंल का?"

"दुखणार," त्या म्हणाल्या. "लय दुखणार. मग थांबणार."

तसंच झालं. नंतर पट्टी बांधताना म्हणाल्या, "दुखणार न्हाई म्हणून सांगितलं की पेशंट फुडच्या येळला हात देत न्हाई. आणि आपल्याला तर हात लागतोच."

त्यांच्या नवऱ्याला मी भाऊ म्हणायची. भाऊंची सगळी नोकरी बेंगलोरला झाली. तिथल्या बारमध्ये टाकीतली बिअर चावीनं ग्लासात सोडायची यंत्रं असतात. ती बसवायची, गळाली की दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. सिस्टर इकडं ड्यूटीवर, भाऊ तिकडं. दिवाळीला भेट, मे महिन्यात भेट. एक मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन नाशिकला गेली. संसार असाच झाला. दोघं एका छपराखाली खरे राहायला लागले ते भाऊ रिटायर होऊन आले तेव्हा. त्यांच्या टेम्पोत एक ट्रंक होती आणि एक जुना फ्रीज, दाराला भोक पाडून चावी बसवलेला.

मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं थंड पाण्याची सोय आहे. भाऊ म्हणाले, "पाणीच हाय मंगल. जरा कडू."

सांगली रोडवर परमिट रूम चालवणारे शिवाप्पा हे भाऊंचे जुने दोस्त. आठवड्याला ते आपल्याकडची एक छोटी टाकी रिक्षात घालून आणायचे. टाकी फ्रीजच्या आत बसायची, शेजारी गॅसचा बाटला. गॅस बिअरला ढकलतो, बिअर नळीतून दारापर्यंत येते, दारातून आरपार एक जाड नळी बाहेर निघते आणि तिच्या तोंडाला चावी. रविवारी संध्याकाळी दोघं मागच्या पडवीत बसायचे. शिवाप्पा ओतायला लागले की भाऊ "साकु, साकु" म्हणून बास करायचे. बेंगलोरची तेवढी भाषा त्यांच्या तोंडात राहिली होती. ग्लासभर प्यायचे, फार नाही.

गल्लीला वाटलं होतं सिस्टर फ्रीज बाहेर काढतील. सिस्टरनी भाऊंच्या पुढ्यात उभं राहून एवढंच सांगितलं, "प्या न्हाईतर नका पिऊ. पर माझ्या घरात घाण नळी चालणार न्हाई."

आणि त्यांनी कापसाची काडी घेतली, कानात घालतात ती. ती चावीच्या चोचीत फिरवली आणि बाहेर काढली. बोळा काळा. तो भाऊंच्या नाकासमोर धरला.

"ह्ये पिताय तुमी."

भाऊ ओशाळले. मग समजावून सांगायला लागले, की ही चावी मागच्या बाजूला बंद होते. पुढच्या चोचीत घोटभर बिअर राहते, ती वाळते, चिकटते, दांडाही मग धरून बसतो. आता नव्या चाव्या आल्या आहेत, त्या तोंडाशीच बंद होतात, त्यामुळं आत वाळायला जागा नाही.

"मग ती का न्हाई लावली?"

"आजवर कुणी इचारलंच न्हाई."

"बेंगलोरभर लोकांस्नी ह्येच पाजलं व्हय?"

भाऊ हसले. मला आठवतं, त्या दिवशी दोघं फ्रीजपुढं बसून किती वेळ बोलत होते. सिस्टर विचारत होत्या, कुठलं सुटं होतं, कुठलं उकळता येतं, वायसर कशाचा. भाऊ पान्ह्यानं एकेक खोलून त्यांच्या हातात देत होते. मी फरशी पुसत पुसत त्यांच्यापर्यंत आले आणि बाजूनं पुसून गेले. उठा म्हणायला जीभ वळली नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झालेली माणसं अशी बोलताना मी बघितली नव्हती.

बेंगलोरहून नवी चावी आली. चकचकीत, आरशासारखी. दर दुसऱ्या रविवारी गरम पाणी आणि पावडर घालून नळी धुवायची असा सिस्टरचा नियम झाला. भाऊ मित्रासमोर तक्रार करायचे, "शिवाप्पा, ही बाई माझ्या बिअरचं बी ऑपरेशन करती." पण धुवायचे.

सहा महिनेही झाले नसतील. एका रविवारी भाऊंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास खाली ठेवला. "लोखंड लागतंय."

शिवाप्पांनी पिऊन बघितलं. "कायबी न्हाई गड्या. झक्कास हाय."

"तुझ्या जिभेवर तंबाखूचा थर हाय. लोखंड लागतंय."

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी चावी काढून उजेडात धरली, चोचीच्या आत नख फिरवलं. वरचा चकचकीत मुलामा निघाला होता आणि आत पिवळं दिसत होतं. त्यांनी लगेच शिवाप्पांना फोन लावला. त्या मागच्या अंगणात उभ्या होत्या आणि फोनवर त्यांचा आवाज वॉर्डात बोलल्यासारखा मोठा असायचा.

"आवं शिवाप्पा, ह्यांचं पितळ उघडं पडलंय. व्हय, सगळं. मी सोता बघितलं. बेंगलोरचंच हाय ते, तिथं फोन करून इचारा. वरनं चकचकीत, आतनं ह्ये असं. मला आता ह्ये घरात नको."

भिंतीपलीकडं पद्माक्का पापड वाळत घालत होत्या. पद्माक्का जैन, बिअरचं नाव निघालं तरी तोंड फिरवायच्या, पण सिस्टरवर त्यांचा जीव होता. संध्याकाळी त्या डबा घेऊन आल्या आणि सिस्टरच्या शेजारी टेकल्या. मी ओट्यापाशी होते.

"सिस्टर, झालं ते झालं. मन घट करायचं. किती दिवस चाललं हुतं म्हणायचं?"

"सहा म्हयने बी न्हाईत."

"आणि एवढ्यात उघडं पडलं?"

"हलकंच हुतं वो ते. मला आदीच शंका हुती."

"आमी हाय की. एकटं समजू नका." पद्माक्कांनी पदर डोळ्यांना लावला. "कोण हाय ती? बेंगलोरचीच का?"

"कोण ती?"

"बाई."

"कसली बाई?"

पडवीतून भाऊंच्या हसण्याचा आवाज आला. ते खुर्चीवरून पडायचे बाकी होते. पद्माक्का डबा तिथंच ठेवून गेल्या आणि दोन दिवस भिंतीकडं आल्या नाहीत. भाऊ मात्र नंतर कितीतरी दिवस भिंतीवरून सांगायचे, "पद्माक्का, आता स्टीलचं मागवलंय बरं का. उघडं पडायचं भ्या न्हाई."

पण त्याच संध्याकाळी, हसता हसता, भाऊंनी पाय समोरच्या स्टुलावर घेतले. सिस्टर हसत नव्हत्या. त्यांनी वाकून भाऊंच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला होता. तो लवकर भरून आला नाही. सिस्टर त्या खड्ड्याकडं बघत राहिल्या. भाऊंना वाटलं पाय चेपतीय. म्हणाले, "दुसरा बी चेप की."

स्टीलची चावी आली. भाऊंनी बसवली, ग्लास भरला, प्यायले.

"लागतंय अजून."

त्या वेळेपर्यंत सकाळी त्यांचे डोळे सुजायला लागले होते. मटण पुढं आलं की ताट सरकवायचे. अंगाला खाज सुटायची, पाठ दाराच्या चौकटीला घासायचे. मी बघत होते, मला अर्थ कळत नव्हता. सिस्टरना कळत होता. त्यांनी सरळ सांगितलं, मी तिथंच भांडी पुसत होते.

"रक्त तपासून घ्या."

"कशाला?"

"लोखंड चावीचं न्हाई. तोंडाचं हाय."

"तोंडात कुठनं आलं?"

"किडनीचं असंल. साखर हाय तुमाला, गोळ्या चुकवता तुमी. किडनी गेली की तोंडाला असं लागतं."

भाऊंनी पाठ चौकटीला घासली. मग माझ्याकडं बघून बोलले, पण बोलणं सिस्टरशी होतं. "मंगल, बाजारात ही तुला माणसं दाखवती न्हवं? अपेंडिक्स, हर्निया. मला काय म्हणून दाखवणार, इचार."

"चेष्टा नको," सिस्टर म्हणाल्या.

"चेष्टा न्हाई. सगळा जन्म तू पेशंटांची हुतीस. माझी पाळी आता आली. मी नवरा म्हणून घरी आलोय, सिस्टर. मला किडनी म्हणून ऱ्हायाचं न्हाई."

"हाय ते हाय."

"दारातनं आरपार जाती ती नळी अजून पितळंचीच हाय," भाऊ म्हणाले. "लोखंड तिचं असंल. ती बदल, मग बघू."

मला वाटलं सिस्टर आता ओरडतील. ऑपरेशनच्या खोलीत मोठे डॉक्टर त्यांना दबकून असायचे असं ऐकलं होतं. पण त्या म्हणाल्या, "बदलू. ती बदलून बी लागलं तर हात द्यायचा."

"बघू."

मग ते सुरू झालं. आरपार जाणारी नळी बेंगलोरहून मागवली, स्टीलची. सिस्टर स्वतः एसटी स्टँडवर जाऊन पार्सल घेऊन आल्या. ती बसली, तरी लोखंड लागलं. भाऊ म्हणाले, आतली प्लॅस्टिकची नळी जुनी आहे, चव धरून बसते. ती बदलली. मग टाकीच्या तोंडावर जो जोड बसतो तो. तो इथं मिळेना, पुन्हा बेंगलोर, पुन्हा वाट. मग सगळे वायसर. शिवाप्पा प्रत्येक वेळी पिऊन सांगायचे, काही लागत नाही. भाऊ प्रत्येक वेळी ग्लास बाजूला ठेवायचे. पुढंपुढं एक घोट तेवढा घ्यायचे, चाखण्यापुरता.

दिवस जात होते, आणि गेलेला प्रत्येक दिवस भाऊंना किती महाग पडतोय हे त्या घरात सिस्टरनाच कळत होतं. पार्सल आलं नाही असं समजलं की त्या स्टँडवरून परत यायच्या आणि मागच्या पायरीवर चपला न काढता बसायच्या. मी चहा ठेवायची. निवून साय धरली तरी तसाच. एकदा त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ड्यूटीवर कवा असं दमायला झालं न्हाई गं. तिथं हात चालत हुतं."

माझ्या तोंडून शब्द लवकर निघत नाही. पण एक दिवस मी धीर करून विचारलं, "जबरदस्तीनं न्यायचं की. तुमची तर सगळी वळख हाय."

"जबरदस्तीनं रक्त घेता येतं मंगल," त्या म्हणाल्या. "फुडचं न्हाई. फुडं रक्त धुयाच्या मशीनवर पडायचं असतं, आठवड्यातनं दोन-तीनदा, जन्मभर. ते माणसाच्या मनानंच व्हायला पायजे. मनात नसलं की आठ दिवसांत उठून घरी येत्यात. मी बघितल्यात लय."

"मग चाव्या बदलून काय व्हणार?"

"त्यांचं बदलायचं संपंल," सिस्टर म्हणाल्या. "मग तेच उरतील."

शेवटचा जोड आला तो शनिवारी. रविवारी भाऊ स्वतः पान्हा घेऊन बसले. त्यांचे हात मंद झाले होते. एक नट बसवायला किती वेळ लागला. शिवाप्पा मदत करायला वाकले, तर सिस्टरनी डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. सगळं नवं. चावी, नळ्या, जोड, सगळं स्टीलचं नाहीतर कालच आलेलं. भाऊंनी दांडा ओढला. वर बोटभर फेस, खाली स्वच्छ सोनेरी, ग्लासाच्या पलीकडची भिंत दिसत होती. शिवाप्पा म्हणाले, "अशी तर माझ्याकडं बी येत न्हाई गड्या."

भाऊ प्यायले. ग्लास हळू खाली ठेवला.

"लागतंय."

भाऊ फ्रीजकडं बघत होते, अजून बदलायचं काय उरलं ते शोधत असल्यासारखे.

"गॅसचा बाटला," ते म्हणाले.

"परवाच नवा आणलाय," शिवाप्पा म्हणाले. "आणि ह्याच टाकीतली माझी गिऱ्हाइकं काल प्यालीत. तुझ्यापुढं खोटं बोलून मला काय मिळायचंय?"

"तुझी जीभ मेलीय."

तेव्हा सिस्टर उठल्या. त्यांनी आतून ओट्यावरचा पाण्याचा पेला आणला. चावीचा दांडा पुढं ओढायचा असतो, तो कोपरानं ओढता येत नाही, म्हणून हातानं धरला. नुसता फेस आला. भाऊ सवयीनं म्हणाले, "पेला तिरपा धर." त्यांनी तिरपा धरला. जन्मात दारूच्या थेंबाला तोंड न लावलेली बाई, पेला नाकापाशी नेला, डोळे मिटले आणि औषध घेतात तशी प्यायली. सगळा पेला. तोंड आक्रसलं. पदरानं ओठ पुसले.

"कडू हाय," त्या म्हणाल्या. "वल्या गवताचा वास हाय. पर लोखंड न्हाई. नोकरीच्या सुरवातीला बाळंतिणींच्या वॉर्डात लोखंडाच्या गोळ्या वाटल्यात, मी बी खाल्ल्यात. लोखंड कसं लागतं मला म्हायतीय. ह्यात न्हाई."

शिवाप्पांवर भाऊंचा विश्वास नव्हता. पण सिस्टर खोटं बोलत नाहीत हे मिरजेत कुणाला माहीत नव्हतं?

भाऊंनी आपला ग्लास बाजूला सारला. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू. "दुखंल?"

"दुखणार," सिस्टर म्हणाल्या.

पुढचं त्या काही बोलल्या नाहीत. मी दारात उभी होते आणि माझ्या बोटाच्या वेळच्या त्या पुढच्या शब्दांची वाट बघत होते. ते आले नाहीत.

भाऊंनी शर्टाचं बटण काढलं आणि बाही वर सरकवली. हात सिस्टरपुढं धरला. "घे, शालन. काढ तूच."

त्या घरात हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सिस्टरनी तो हात दोन्ही हातांत घेतला. नाडीवर बोटं ठेवली नाहीत, नुसता धरला. "मी न्हाई सुई लावणार," त्या म्हणाल्या. "सकाळी लॅबचा माणूस येईल, तो काढंल. मी शेजारी बसते."

रिपोर्ट सिस्टरना वाचायचीही गरज नव्हती. दोन्ही किडन्या बऱ्याचशा गेल्या होत्या. लगेच मशीन सुरू झालं. टाकी शिवाप्पा परत घेऊन गेले. सिस्टरनी सगळ्या नळ्या धुतल्या, वाळवल्या, चावी खोलून पुसून ठेवली. फ्रीज पडवीतच राहिला. त्यात मग दूध आणि भाजी ठेवायला लागलो. दाराच्या भोकाला सिस्टरनी कापसाचा बोळा लावला.

पहिल्या दिवशी मशीनवरून आल्यावर भाऊ खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाले, "मंगल, त्या मशीनच्या जोडण्या बघितल्या मी. एक बी गळत न्हाई. कुणीतरी मन लावून बनवलंय." त्यांचा आवाज दमलेला होता, पण ते खूश दिसत होते. सिस्टर आत पेल्यात पाणी मोजत होत्या. आता भाऊंना दिवसभरात मोजूनच पाणी मिळायचं. मी आत गेले तेव्हा सिस्टर पेला खिडकीच्या उजेडात धरून बघत होत्या आणि थोडं पाणी परत ओतून टाकत होत्या. ओतताना त्यांनी मान फिरवली होती.

त्याच वर्षी माझी मुलगी बाळंत झाली आणि मी साताऱ्याला आले, ती इथलीच झाले. सिस्टरना कधी फोन केला नाही. फोनवर मला बोलता येत नाही. त्यांनी पद्माक्कांकडून एकदा निरोप पाठवला होता, मशीन चालू आहे, बरं चाललं आहे, एवढाच.

मागच्या उन्हाळ्यात डोळ्यांसाठी मिरजेला गेले होते. काम लवकर झालं. पद्माक्कांनी सांगितलं होतं कुठल्या दवाखान्यात असतात ते, म्हणून विचारत विचारत गेले. मशीनच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत सिस्टर भाऊंच्या खाटेशी उभ्या होत्या. फार वाळल्या होत्या. घड्याळ मनगटावर सैल झालं होतं. भाऊंचे डोळे मिटलेले, हातातून लाल नळ्या निघून मशीनमध्ये गेलेल्या. सिस्टरनी मला बघितलं, ओळखलं, आणि नजरेनंच ये म्हणाल्या. मी दाराच्या आत एक पाऊल टाकलं.

तेवढ्यात तिथली सिस्टर आली, कोवळी पोर, माझ्या मुलीहून लहान. हातात ट्रे होता. ती आमच्या सिस्टरना म्हणाली, "आवं मावशी, किती येळा सांगायचं? नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. आत गर्दी करायची न्हाई."

मी कधी कुणापुढं बोलत नाही, पण तेव्हा मी तोंड उघडलं होतं. त्या पोरीला सांगणार होते, की बाई, तू कुणाला सांगतीस, ह्या कोण आहेत ठाऊक आहे का.

सिस्टरनी माझ्या दंडाला धरलं आणि मला बाहेर काढलं.

"गप," त्या म्हणाल्या. "तिचं बरोबर हाय. मी नातेवाईक हाय."

दाराबाहेर बाकडं होतं. त्यावर आणखी दोन-तीन बायका बसल्या होत्या, कुणाच्या मांडीवर डबा, कुणाच्या मांडीवर चादर. सिस्टर त्यांच्यात जाऊन बसल्या. एक बाई सरकली, मलाही जागा झाली. तिनं सिस्टरना विचारलं, "तुमचं कोण हाय आत?"

"मालक," सिस्टर म्हणाल्या.

दाराला काच होती. तिच्यातून भाऊंचे पाय तेवढे दिसत होते, चादरीतून बाहेर आलेले. सिस्टर त्या पायांकडं बघत बसल्या. मी माझी गाडी गाठायला उठले तेव्हाही त्या तिकडंच बघत होत्या.